मास्तरांचा पगार जास्त की कमी? सोलापुरात आम्हाला नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी झेडपी शाळेत शिक्षिका आहे. त्याआधी सहा वर्षं सोलापूर शहरात एका विनाअनुदानित इंग्लिश मीडियममध्ये शिकवलं. लग्नात, एसटीत, पालकसभेत, नात्यातल्या पोरींच्या फोनवर तेच तेच प्रश्न येतात, म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढलंय. आकडे महाराष्ट्रातले आहेत, अनुभव माझा आणि माझ्या मैत्रिणींचा.

शिक्षकांना लाख लाख पगार असतो म्हणे, खरं का?

काहींना आहे, खोटं कशाला बोलू. पंचवीस-तीस वर्षं नोकरी झालेल्या, अनुदानित हायस्कूलमधल्या किंवा झेडपीतल्या जुन्या शिक्षकाची स्लिप बघितली तर लाखाच्या आसपास किंवा वर आकडा दिसतो. पण तो रिटायरमेंटच्या तोंडाशी आलेला माणूस असतो, आणि लोक त्याचीच स्लिप बघून सगळ्या शिक्षकांचा हिशोब मांडतात. मी म्हणते आधी विचारा, कुठला शिक्षक? झेडपीचा, अनुदानित संस्थेचा, वीस-चाळीस टक्के अनुदानाच्या टप्प्यावरचा, कायम विनाअनुदानितचा, तासिका तत्त्वावरचा, का शिक्षण सेवक? सगळ्यांना पोरं सर किंवा मॅडमच म्हणतात, पुस्तकं तीच, डीएड-बीएड तेच, आणि पगारात मात्र काही ठिकाणी दहापट फरक. त्यामुळं डॉक्टर-इंजिनिअरशी तुलना करायच्या आधी एका शिक्षकाची दुसऱ्या शिक्षकाशी तुलना करा, अन्याय तिथंच दिसतो.

नवीन लागलेल्या झेडपी शिक्षकाच्या हातात किती येतात?

पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक. पगार म्हणत नाहीत त्याला, मानधन म्हणतात. प्राथमिकला १६,०००, माध्यमिकला १८,०००, उच्च माध्यमिकला २०,०००, आणि हे पण जानेवारी २०२३ पासून. त्याआधी ६,०००, ८,००० आणि ९,००० होतं, दहा-बारा वर्षं तेच.

मी २०१७ ची टेट (शिक्षक भरतीची अभियोग्यता चाचणी) देऊन पवित्र या सरकारी भरतीच्या पोर्टलमधून २०१९ ला अक्कलकोट तालुक्यात लागले. खाजगी शाळेत मला ७,५०० मिळत होते, सरकारी ऑर्डर हातात आली आणि माझं उत्पन्न ६,००० झालं. घरात पेढे वाटले आणि त्याच रात्री आईनं विचारलं, खोलीचं भाडं, एसटीचा पास, गॅस, कसं बसवणार गं? तीन वर्षं बाबांकडून पैसे घेतले. सरकारी शिक्षिका असून.

तीन वर्षं झाल्यावर प्राथमिक शिक्षक एस-१० या वेतनश्रेणीत जातो, मूळ वेतन २९,२०० पासून. त्यावर महागाई भत्ता, जानेवारी २०२५ पासूनच्या ५५ टक्क्यांनी धरला तर १६,०६०, म्हणजे दोन्ही मिळून ४५,२६०. घरभाडं भत्ता वेगळा, भत्त्यासाठी शहरांचे वर्ग पाडलेत, सोलापूर शहर वाय वर्गात म्हणून जास्त आणि खेड्यात कमी. त्यातून एनपीएसचे (नव्या पेन्शन योजनेचे) दहा टक्के म्हणजे साडेचार हजार जातात, व्यवसाय कर जातो, पतसंस्थेचा हप्ता असेल तर तो जातो. ही चांगली नोकरी आहे, मी नाही म्हणत नाही. पण ही ‘सुरुवात’ चौथ्या वर्षी होते आणि तोवर बऱ्याच जणांचं वय तिशीच्या पुढं गेलेलं असतं, कारण भरतीच पाच-पाच वर्षं निघत नाही.

पोलीस, तलाठी, नर्स, ज्युनिअर इंजिनिअर यांच्यापेक्षा शिक्षकाला जास्त मिळतं ना?

सातव्या वेतन आयोगाचा तक्ता बघा, सुरुवातीचं मूळ वेतन. क्लार्क १९,९००, पोलीस शिपाई २१,७००, तलाठी २५,५००, प्राथमिक शिक्षक २९,२००, स्टाफ नर्स ३५,४००. आणि बीएडवाला हायस्कूल शिक्षक, पीएसआय, ज्युनिअर इंजिनिअर हे तिघं एकाच एस-१४ मध्ये, ३८,६००. कागदावर बघितलं तर मला हा तक्ता बराचसा न्यायाचा वाटतो.

कागदाबाहेर दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे शिपाई आणि तलाठी यांना रुजू झाल्यापासून वेतनश्रेणी लागते. बारावी पास पोलीस शिपाई आज मूळ आणि महागाई धरून तेहतीस हजारांच्या वर सुरू होतो, आणि डीएड, टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा), टेट अशा तीन पायऱ्या चढून आलेला शिक्षण सेवक १६,००० वर. (ग्रामसेवक आणि कृषिसेवकांनाही हीच पद्धत लावलीय, त्यांचंही दुखणं आमच्यासारखंच.) पोलिसांची ड्युटी बारा-बारा तासांची असते, आषाढीला पंढरपूरच्या बंदोबस्तात बघितलंय मी त्यांना, त्यांना कमी द्या असं कुणी म्हणणार नाही. पण शिक्षकाला ‘आधी तीन वर्षं सेवा कर’ हे कुठल्या हिशोबात? जुलै २०२३ मध्ये सरकारनं रिकाम्या जागांवर रिटायर शिक्षकांना २०,००० मानधनावर घ्यायचं ठरवलं. म्हणजे पेन्शन चालू असलेल्या गुरुजींना २०,००० आणि त्यांच्या शेजारच्या वर्गातल्या नव्या पोरीला १६,०००. दुसरी गोष्ट प्रमोशनची, ती खाली लिहिलीय.

बँकवाले आणि आयटीवाल्यांशी तुलना केली तर?

सरकारी बँकेत क्लार्कचं मूळ वेतन २४,०५० आणि पीओचं ४८,४८० पासून सुरू होतं, २०२४ च्या करारानंतर. म्हणजे क्लार्क आमच्या खाली आणि ऑफिसर बराच वर. पण त्यांना शनिवारी उशिरापर्यंत बसावं लागतं आणि ऑफिसरची बदली कुठल्याही राज्यात होते, आमची बहुतेक जिल्ह्यातच. ते आमच्या बाजूनं धरा.

आयटीचं काय सांगू, माझा धाकटा भाऊ पुण्यात आहे, दर रविवारी हुतात्मा एक्स्प्रेसनं परत जातो. त्याचा आणि माझा पगार सुरुवातीला फार लांब नव्हता, आता त्याचा दुप्पट आहे. पण मागच्या वर्षी त्याच्या टीममधल्या चौघांना एका दुपारी घरी पाठवलं. माझ्या नोकरीला ती भीती नाही, आणि त्या निवांतपणाची पण किंमत असते हे मी मानते. झेडपी शिक्षकाला पतसंस्था आणि बँका रांगेत उभं राहून कर्ज देतात, माझ्या भावाला हप्ता डोक्यावर घेताना दहा वेळा विचार करावा लागतो.

इंग्लिश मीडियमच्या फी एवढ्या, मग तिथल्या मॅडमना भरपूर मिळत असेल?

हा प्रश्न आला की मला गप्प बसवत नाही.

मी ज्या शाळेत होते तिचं नाव घेत नाही. महिन्याच्या सात-आठ तारखेला ऑफिसात एकेकीला बोलवायचे. टेबलावर लांब रजिस्टर, त्यात माझ्या नावासमोर २२,००० छापलेलं, तिथं रेव्हेन्यू स्टॅम्पवर सही करायची, आणि मग क्लार्क ड्रॉवरमधून खाकी पाकीट काढून द्यायचा. त्यात ७,५००. पाकिटाच्या मागं पेन्सिलीनं आकडा लिहिलेला असायचा आणि तो क्लार्क आपल्यासमोर खोडरबरनं खोडायचा. पुढच्या महिन्यात तेच पाकीट परत. सहा वर्षं मी त्या सहीवर काही बोलले नाही, याची मला अजून लाज वाटते, पण बोलणारीला जूनमध्ये ‘तुमची गरज नाही’ असं सांगायचे हे पण बघितलेलं होतं.

काही शाळांत पगार बँकेत जमा होतो आणि मग एटीएममधून काढून निम्मा परत आणून द्यावा लागतो. काही ठिकाणी उन्हाळ्याच्या सुट्टीत पगारच नाही, एप्रिलअखेर ‘ब्रेक’ आणि जूनला नवीन ऑर्डर. मी त्या शाळेत असताना आमच्या घराचं काम चालू होतं, गवंड्याची हजेरी दिवसाला ८०० होती. महिन्याचे दहा दिवस काम केलं की माझ्या पगाराच्या पुढं. गवंड्याला जास्त मिळतं हे वाईट नाही, त्याचं कसब आहे, घाम आहे. पण चाळीस लेकरांना वाचायला शिकवणाऱ्या बाईचं मोल त्याच्या एक तृतीयांश कसं?

आणि ह्या नोकऱ्यांत बहुतेक बायका. ‘घरखर्च नवरा बघतो, तुम्हाला काय वरखर्चाला’ हे वाक्य मी इंटरव्ह्यूत ऐकलंय. माझ्याबरोबरच्या एका मॅडमचा नवरा यंत्रमागावर होता, कारखाना बंद पडला होता, तिच्या ७,००० वर पाच माणसं होती.

पण कायदा आहे की! तक्रार का करत नाही?

कायदा आहे. महाराष्ट्रात खाजगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांसाठी १९७७ चा अधिनियम आणि १९८१ ची नियमावली आहे, त्यात पगार, रजा, नोकरीवरून काढायची रीत, सगळं दिलंय. काढून टाकलं तर शाळा न्यायाधिकरणात दाद मागता येते. ग्रॅच्युइटीचं तर लोकांना माहीतच नसतं. २००४ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं होतं की ग्रॅच्युइटीच्या कायद्यातल्या कर्मचाऱ्याच्या व्याख्येत शिक्षक बसत नाही. मग संसदेनं २००९ मध्ये दुरुस्ती केली आणि ती ३ एप्रिल १९९७ पासून लागू धरली, खाजगी शाळावाले त्याच्याविरुद्ध कोर्टात गेले आणि २०२२ मध्ये हरले. म्हणजे खाजगी शाळेतल्या शिक्षकाला पण ग्रॅच्युइटीचा हक्क आहे. वीस किंवा जास्त लोक कामाला असतील तर पीएफ पण.

अडचण पुराव्याची येते. ऑर्डर नाही, स्लिप नाही, सही मोठ्या आकड्यावर केलेली. आणि सोलापूर काही मुंबई नाही, एका संस्थेत भांडलेल्या मॅडमचं नाव आठवड्यात दुसऱ्या संस्थेत पोचतं. त्यामुळं जी गप्प बसते तिला मी दोष देत नाही.

टप्पा अनुदान म्हणजे काय, त्यासाठी शिक्षक आझाद मैदानावर का बसतात?

आधी बऱ्याच शाळांना ‘कायम विनाअनुदानित’ म्हणून परवानगी दिली, २००९ मध्ये त्यातला ‘कायम’ शब्द काढला, आणि २०१६ पासून पात्र शाळांना २० टक्के अनुदान सुरू झालं. मग २० चे ४०, ४० चे ६० असं सरकावत नेणं चालू आहे. २० टक्के अनुदान म्हणजे शिक्षकाला नियमाच्या पगाराचा पाचवा हिस्सा सरकारकडून, बाकीचा संस्थेनं द्यायचा, जो बहुतेक ठिकाणी देतच नाहीत. पंधरा-वीस वर्षं शिकवून चाळिशी-पन्नाशी गाठलेली माणसं आहेत यात. त्यांची पोरं आता कॉलेजात आहेत आणि त्यांनी अजून पूर्ण पगार हातात घेतलेला नाही. प्रत्येक टप्प्याला पावसात मैदानावर बसावं लागतं.

तुम्हाला सुट्ट्या किती! तेवढ्या सुट्ट्या कुणाला मिळतात?

सुट्ट्या जास्त आहेत, मान्य. दिवाळी, उन्हाळा आणि सगळे सण धरून वर्षाला ७६ दिवसांपर्यंत, रविवार वेगळे. शिक्षण हक्क कायद्यानं पहिली ते पाचवीला किमान २०० आणि सहावी ते आठवीला २२० दिवस शाळा भरायलाच लागते. माझी लेक लहान असताना उन्हाळ्याची सुट्टी मला सोन्यासारखी वाटली, पगार कमी असता तरी ती सोडली नसती.

फक्त त्याची किंमत पण सांगते. इतर सरकारी कर्मचाऱ्यांना वर्षाला ३० दिवस अर्जित रजा साठते आणि रिटायर होताना ३०० दिवसांपर्यंतचे पैसे मिळतात, ती काही लाखांची रक्कम होते. आम्ही ‘सुट्टीचा विभाग’ म्हणून आम्हाला तशी अर्जित रजा नाही.

शाळेत शिकवण्याशिवाय काय काम असतं असं?

माझी शाळा दोन शिक्षकी. सकाळी आल्यावर तांदूळ मोजून द्यायचा, डाळ-तेलाची नोंद, किती पोरं जेवली ते मोबाईलवर टाकायचं, गावात रेंज नाही म्हणून टाकीच्या बाजूच्या कट्ट्यावर चढायचं. मग यू-डायस (शाळेची ऑनलाइन माहिती), आधार दुरुस्ती, शिष्यवृत्तीचे फॉर्म, बँक खाती, शाळा व्यवस्थापन समितीचं प्रोसिडिंग. सोबतचे गुरुजी केंद्रशाळेत मीटिंगला गेले की पहिली ते चौथी चारही वर्ग एका खोलीत आणि मी एकटी. दुसरीतली पोरं कन्नड बोलणाऱ्या घरातली, त्यांना ‘ळ’ शिकवता शिकवता फोन येतो, अमुक माहिती आजच पाठवा.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ प्रमाणं शिक्षकाला जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून अशैक्षणिक काम देता येत नाही. निवडणुकीच्या नावाखाली बीएलओचं, म्हणजे मतदार यादीचं काम मात्र वर्षभर चालतं. त्याचं वर्षाचं मानधन ६,००० होतं, २०२५ मध्ये १२,००० केलं. महिन्याला हजार रुपये, त्यात घरोघरी फिरायचं.

पेन्शन तर मिळते ना?

१ नोव्हेंबर २००५ च्या आधी लागलेल्यांना जुनी पेन्शन. नंतरच्यांना आधी डीसीपीएस ही अंशदायी पेन्शन, मग एनपीएस, ज्यात आमचे दहा टक्के आणि सरकारचे चौदा टक्के बाजारात गुंततात. मार्च २०२३ मध्ये ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत जो संप झाला त्यात मीही होते, कलेक्टर ऑफिससमोर. ऑगस्ट २०२४ मध्ये राज्यानं केंद्राची युनिफाइड पेन्शन मान्य केली, त्यात २५ वर्षं सेवा झाली तर शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या ५० टक्के हमी आहे.

आता पस्तीस-अडतीसाव्या वर्षी लागलेल्या शिक्षकाचा हिशोब करा. ५८ ला रिटायर. पंचवीस वर्षं भरतच नाहीत. भरती सरकारनं लांबवली आणि पेन्शन आमची कमी झाली.

सगळ्यात वाईट हाल त्यांचे, जे २००५ च्या आधी लागले पण ज्यांच्या शाळेला शंभर टक्के अनुदान नंतर मिळालं. त्यांना जुनी पेन्शन द्यायला सरकार तयार नाही, कोर्टात वर्षानुवर्षं चालू आहे, काही जण वाट बघत गेले.

दवाखान्याचा खर्च?

आधी खिशातून भरायचा, मग बिलं, सर्टिफिकेटं, मंजुरी. पोलिसांना कुटुंब आरोग्य योजनेत कॅशलेस आहे, आम्हाला नाही. माझ्या शेजारच्या शाळेतल्या गुरुजींनी बायकोच्या ऑपरेशनला पतसंस्थेचं कर्ज काढलं, बिल मंजूर होईपर्यंत व्याज भरत राहिले.

प्रमोशनचं काय?

प्राथमिकला मुख्याध्यापक नाहीतर केंद्रप्रमुख, जागा हाताच्या बोटावर. पगारवाढीसाठी १२ वर्षांनी वरिष्ठ श्रेणी, २४ वर्षांनी निवड श्रेणी, आणि ती पण फक्त २० टक्के लोकांना. इतर राज्य कर्मचाऱ्यांना प्रमोशन नाही मिळालं तरी १०, २०, ३० वर्षांनी वरची श्रेणी मिळते. शिक्षक ती मागतायत, अजून मिळाली नाही. म्हणजे माझ्याच वयाची क्लार्क तीस वर्षांत तीन पायऱ्या वर जाते आणि मी एक, नशीब असेल तर दोन.

चांगलं शिकवलं तर जास्त पगार मिळतो का?

नाही. आमच्याच जिल्ह्यातल्या माढा तालुक्यात परितेवाडीच्या झेडपी शाळेतल्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, दहा लाख डॉलरचं, आणि त्यांनी त्यातले निम्मे बाकीच्या नऊ जणांना वाटून टाकले. ते बक्षीस बाहेरून आलं. पगाराचा तक्ता फक्त वर्षं मोजतो. मला हे पूर्ण चुकीचं पण वाटत नाही, कारण ‘चांगलं’ कोण ठरवणार म्हटल्यावर साहेबांच्या मर्जीतले चांगले ठरतील.

काही शिक्षक शिकवतच नाहीत, त्यांना कशाला पगार?

आहेत असे. त्यांच्यावर कारवाई करा, आम्हालाही त्यांचा त्रासच होतो. पण त्यांचं नाव पुढं करून १६,००० वाल्याचं १६,००० च ठेवू नका.

आम्ही विडी वळून पोरं शिकवतो, तुम्ही पन्नास हजारवाले कशाला रडता?

हे मला एका आईनं शाळेच्या दारात विचारलं होतं, सुपात तंबाखू आणि पानं, बोलता बोलता पण हात चालू. हजार विड्या वळायला दिवस जातो आणि त्यातही खराब म्हणून काढून टाकतात त्याचे पैसे मिळत नाहीत. तिच्यासमोर मी माझ्या पगाराबद्दल तक्रार करूच शकत नाही, आणि आज करतही नाही. मला नियमित पगार आहे, रजा आहे, उद्याची खात्री आहे. मी तिला एवढंच सांगितलं की तुमची थोरली लेक ज्या शाळेत शिकवायला जाते तिला पाच हजार देतात, तिच्यासाठी बोलतेय मी. ती म्हणाली, मग लिहा की.

टीईटीवर कोर्टाचा निकाल आलाय, जुन्या शिक्षकांची नोकरी जाणार का?

१ सप्टेंबर २०२५ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की ज्यांची सेवा पाच वर्षांपेक्षा जास्त उरलीय त्यांनी दोन वर्षांत टीईटी पास व्हायचं. पाचपेक्षा कमी उरलेल्यांना नोकरी चालू, पण प्रमोशन हवं तर टीईटी लागणार. माझ्या मते मुलांसाठी पात्रता हवीच, फक्त पंचवीस वर्षं शिकवलेल्या पन्नाशीच्या बाईंना बीएलओच्या कामातून अभ्यासाला वेळ पण द्या.

आठव्या आयोगात सगळं ठीक होईल का?

आयोग केंद्राचा, राज्य नंतर ठरवतं. सातवा १ जानेवारी २०१६ पासूनचा होता, महाराष्ट्रात प्रत्यक्ष पगार जानेवारी २०१९ पासून वाढला आणि फरक पाच हप्त्यांत. आणि विनाअनुदानित शाळेत माझ्याबरोबर असलेल्या मैत्रिणींना सहावा पण माहीत नाही.

महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर कमिशनला, म्हणजे इंग्रज सरकारच्या शिक्षण आयोगाला लिहून दिलं होतं की प्राथमिक शिक्षकाला १२ रुपयांपेक्षा कमी पगार नसावा आणि मोठ्या गावात १५-२० असावा. किमान पगाराची ही मागणी तेव्हापासूनची आहे.

माझी मुलगी डीएड करू म्हणतेय, करू देऊ का?

तिला शिकवायला आवडत असेल तर करू दे, पण भरती कधी निघेल याची खात्री नाही, म्हणून सोबत पदवी पूर्ण करू दे. आणि मधल्या काळात खाजगी शाळेत लागली तर पहिल्या दिवशी नेमणुकीचा कागद मागायचा, पगार बँकेतच घ्यायचा, पीएफचा नंबर विचारायचा, मेच्या पगाराचं आधी बोलायचं. दर महिन्याच्या हजेरीपत्रकाचा फोटो मोबाईलमध्ये काढून ठेवायचा. आणि रजिस्टरवरचा आकडा आणि हातातले पैसे जुळत नसतील तर सही करायची नाही, त्या दिवशी घरी येऊन तुम्हाला सांगायचं, आणि तुम्ही तिला ‘जाऊ दे, नोकरी तर आहे’ असं म्हणायचं नाही.